बिटॲक्स सारखा रिस्टार्ट होतो, हॅशरेट शून्यावर येतो : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

बिटॲक्स म्हणजे घरी टेबलावर चालणारा छोटा बिटकॉइन मायनर, आणि हॅशरेट म्हणजे तो सेकंदाला किती हॅश, म्हणजे किती गणिती प्रयत्न, करतो तो वेग. हे सगळं बिटॲक्स गॅमा समोर ठेवून लिहिलं आहे. म्हणजे बीएम१३७० ही एकच चिप, ईएसपी३२-एस३ कंट्रोलर आणि ५ व्होल्टची गोल पिन लागणारा छोटा मायनर. जुन्या सुप्रा आणि अल्ट्रालाही तपासणीचा क्रम हाच. गॅमा टर्बो मात्र १२ व्होल्टवर चालतो, त्याला इथले व्होल्टेजचे आकडे लावू नका.

लक्षणं

आपला बिघाड यातला नेमका कोणता, ते आधी ठरवा. पुढचा निम्मा वेळ वाचतो.

क) अपटाइम, म्हणजे सलग चालू असल्याचा वेळ, पुन्हा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. रात्री सगळं ठीक, सकाळी डॅशबोर्ड उघडावा तर अपटाइम जेमतेम चाळीस मिनिटं. हा खरा रिस्टार्ट.

ख) अपटाइम वाढत राहतो, स्क्रीन चालू, पण हॅशरेट शून्य. पंखा जोरात फिरत असतो आणि ओव्हरहीटची सूचना दिसते.

ग) अपटाइम वाढतो, हॅशरेट शून्य, पण तापमान मात्र थंड. फर्मवेअरच्या (मायनरमधल्या मूळ प्रोग्रामच्या) काही आवृत्त्यांत पॉवर फॉल्टची सूचना येते, काहींत काहीच येत नाही.

घ) डॅशबोर्डवर सगळं छान, पण पूलच्या (मायनर ज्या सर्व्हरला काम पाठवतो त्याच्या) पानावर वर्कर, म्हणजे तुमचा मायनर, ऑफलाइन. किंवा डॅशबोर्डच उघडत नाही.

च) हॅशरेट आहे, पण असायला हवा त्यापेक्षा बराच कमी.

छ) चालू केल्यापासूनच शून्य, आणि लॉगमध्ये एकही चिप सापडली नसल्याची नोंद.

‘असायला हवा’ म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. बीएम१३७० मध्ये २,०४० छोटे कोअर असतात. फ्रीक्वेन्सीला २,०४० ने गुणा, हजाराने भागा, गिगाहॅश मिळतात. मूळ ५२५ मेगाहर्ट्झला १,०७१ गिगाहॅश, म्हणजे १.०७ टेराहॅश. सुप्रात हेच कोअर १,२७६ (४९० मेगाहर्ट्झला ६२५ गिगाहॅश), अल्ट्रात ८९४ (४८५ ला ४३४ गिगाहॅश). क्षणाचा आकडा वरखाली होतच असतो, त्यावर जाऊ नका. तासाभराची सरासरी या हिशेबाच्या आसपास असेल तर चिप निरोगी आहे.

पूलच्या पानावरचा आकडा तर आणखी हेलकावे खातो, कारण पूल फक्त आलेले शेअर, म्हणजे मायनरने शोधून पाठवलेली उत्तरं, मोजतो. १.०७ टेराहॅशवर दहा हजार डिफिकल्टीचा (काठिण्याचा) एक शेअर सरासरी ४० सेकंदांनी सापडतो. कधी पाच सेकंदांत तीन येतात, कधी तीन मिनिटं एकही नाही. म्हणून पूलवर पाच मिनिटांचा आकडा पडलेला दिसला तर तो बिघाड नव्हे. असं बघून अख्खा मायनर खोलून बसलेले लोक खूप आहेत.

१. काही न उचकटता : डॅशबोर्डचे आकडे लिहून काढा

वही घ्या आणि चालू अवस्थेत हे आकडे लिहा: इनपुट व्होल्टेज, पॉवर, चिपचं तापमान, व्होल्टेज रेग्युलेटरचं तापमान, पंख्याचे आरपीएम, वायफायची सिग्नल पातळी, अपटाइम. शेजारी खोलीचं तापमान आणि वेळ. दिवसातून तीनदा: सकाळी, दुपारी दोन-तीनला आणि रात्री. बिघाड दुपारीच होतो का, संध्याकाळी सगळ्यांच्या घरी एसी लागले की होतो का, लाईट जाऊन-येऊन झाल्यावर होतो का, हे या वहीतूनच कळतं. डोक्यातल्या आठवणीतून कळत नाही.

नव्या ॲक्सओएसमध्ये (हेच बिटॲक्सचं फर्मवेअर) सिस्टिमच्या पानावर रिस्टार्टचं कारण दिसतं. तिथे ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज घसरलं, असं लिहिलेलं असेल तर थेट वीजपुरवठ्याकडे चला. पॉवर-ऑन लिहिलेलं असेल आणि तुम्ही स्वतः बंद-चालू केलेलं नसेल, तर वीज पूर्ण तुटून आली आहे: सैल पिन, एक्स्टेंशन बोर्ड किंवा इन्व्हर्टर. पॅनिक किंवा वॉचडॉग (प्रोग्राम कोसळला किंवा अडकला) दिसलं तर फर्मवेअरवर संशय घ्या.

२. सेटिंग मूळ जागी आणा

गॅमाला ५२५ मेगाहर्ट्झ आणि ११५० मिलिव्होल्ट. ६०० किंवा ६२५ वर चालवत असाल तर आधी इथे परत या आणि चोवीस तास हात लावू नका. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे मूळपेक्षा जास्त फ्रीक्वेन्सीवर चालवलेल्या, मायनरवर पुढची कोणतीही तपासणी खरं उत्तर देत नाही. वीज जास्त ओढली जाते, उष्णता वाढते, मग अडॅप्टर, पंखा आणि चिप-हीटसिंकमधली पेस्ट सगळेच दोषी वाटू लागतात.

मूळ सेटिंगवर बिघाड गेला, तर तुमच्याकडे बिघाड नाही, मर्यादा आहे. ती मर्यादा पंख्याची की अडॅप्टरची, हे पुढच्या टप्प्यांत कळेल.

लक्षण ख असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. चिप ७५ अंशांच्या वर गेली की फर्मवेअर स्वतःहून फ्रीक्वेन्सी ५० मेगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १००० मिलिव्होल्टवर आणतं, आणि हे आकडे जतन करून ठेवतं. बहुतेक आवृत्त्यांत नुसतं बंद-चालू करून मायनर पूर्वपदावर येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ओव्हरहीट मोड काढा, फ्रीक्वेन्सी-व्होल्टेज परत भरा, पंखा पुन्हा ऑटोवर टाका आणि मग रिस्टार्ट करा. ‘चिप मेली’ म्हणून विकायला काढलेले कितीतरी मायनर नुसते या अवस्थेत अडकलेले असतात.

३. वायफाय आणि पूल (लक्षण घ असेल तरच)

ईएसपी३२-एस३ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. राउटरने दोन्ही बँड एकाच नावाने ठेवले असतील तर जोडणी होते, तुटते, परत होते. २.४ चं नाव वेगळं करा. चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ चालू करा. सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर चांगला, उणे ७५ च्या पलीकडे गेला की तक्रारी सुरू. अँटेना बोर्डवरच छापलेली असते, म्हणून लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवलेल्या मायनरची ओढाताण होते.

डॅशबोर्ड उघडत नाही पण पूलवर शेअर येताहेत, तर मायनर ठणठणीत आहे, फक्त राउटरने त्याला नवा आयपी दिला आहे. राउटरमध्ये जाऊन त्याच्यासाठी एक आयपी कायमचा राखून ठेवा.

पूलच्या रकान्यांत हमखास होणारी चूक: पत्त्याच्या आधी स्ट्रॅटमचा उपसर्ग (stratum+tcp://) चिकटवणं, किंवा पोर्ट पत्त्यातच लिहिणं. पत्ता नुसता, पोर्ट वेगळ्या रकान्यात. युजरच्या जागी तुमचा बिटकॉइन पत्ता, पुढे टिंब आणि वर्करचं नाव. पासवर्डला एक्स हे अक्षर पुरतं. फॉलबॅक पूलचा, म्हणजे मुख्य पूल तुटल्यावर वापरायच्या पर्यायी पूलचा, रकाना रिकामा ठेवू नका.

तरीही तुटत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावून मायनर दोन तास त्यावर चालवा. डेटा नगण्य लागतो. हॉटस्पॉटवर नीट चालला तर दोष राउटरचा किंवा इंटरनेट कनेक्शनचा, मायनरचा नाही.

आणि डॅशबोर्ड बाहेरून बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड अजिबात करू नका. ॲक्सओएसला लॉगिन नसतं. आत आलेला कुणीही तुमच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता टाकू शकतो.

४. उष्णता, धूळ, पंखा

मूळ सेटिंगवर, बंद खोलीत अर्धा तास चालल्यावर चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. हा फरक म्हणजे तुमच्या हीटसिंक-पंख्याची ओळख. धूळ नसलेल्या, पेस्ट नीट असलेल्या गॅमात तो साधारण तीस अंशांच्या आसपास येतो. हा आकडा वहीत ठळक लिहा, कारण पंखा त्याच वेगावर असेल तर खोली बदलली तरी तो फारसा बदलत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये खोली २४ ला असताना चिप ५४ ला असते आणि सगळं छान वाटतं. तोच मायनर मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला ४३ अंशांच्या खोलीत ठेवला की चिप ७३ वर जाते. थोडी धूळ बसली की ७५ ओलांडलेच. यात बिघाड काहीच नाही, ही साधी बेरीज आहे.

त्याला उपाय पंखा बदलणं नव्हे. उन्हाळ्यापुरतं ४९० मेगाहर्ट्झ आणि ११०० मिलिव्होल्टवर या. हॅशरेट १.०७ वरून १.०० टेराहॅशवर येतो, म्हणजे सुमारे ७ टक्के कमी. पण चिपची वीज फ्रीक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात घटते, त्यामुळे उष्णता जवळपास १५ टक्के उतरते. हा सौदा कधीही चांगला.

विदर्भ-मराठवाड्यात आणखी एक सवय सांभाळायला हवी. ‘गार हवा लागेल’ म्हणून मायनर कूलरच्या झोतात ठेवतात. डेझर्ट कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात, पाण्यात क्षार असतात, आणि मायनरचा पंखा ते थेट बोर्डवर ओढून घेतो. काही आठवड्यांत चिपांच्या पायांशी पांढरट थर दिसायला लागतो. छताच्या पंख्याखाली ठेवा, कूलरसमोर नको. किनारपट्टीवर, रत्नागिरी असो की पणजी, खारी हवा हेच काम संथपणे करते. तिथे जॅक आणि पंख्याचा कनेक्टर दर पावसाळ्यानंतर तपासा, हिरवट डाग दिसतात का बघा.

साफसफाई करताना अडॅप्टर भिंतीतून काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मगच फुंकणी किंवा ब्लोअर मारा. पातं मोकळं फिरलं तर बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या पट्ट्यांत अडकलेला कापसासारखा थर मऊ कोरड्या ब्रशने काढा. अगरबत्ती आणि मच्छर कॉइलच्या धुराने ही धूळ चिकट होते, तिथे ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. पाणी किंवा कॉलिन नको.

आरपीएम शून्य दिसत असेल तर कनेक्टर नीट दाबून बसवा. नवा पंखा घ्यायची वेळ आली तर ४० मिलिमीटर, ५ व्होल्ट, चार वायरींचा घ्या. दुकानात समोर येतो तो बहुतेक १२ व्होल्टचा असतो. तो इथे एकतर फिरतच नाही, नाहीतर आजारी माणसासारखा फिरतो. दोन वायरींच्या पंख्याचे आरपीएम कळत नाहीत आणि वेगही आवरता येत नाही.

५. वीजपुरवठा : बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो

लक्षण क आणि ग असेल तर इथे घाई करू नका. चिप, फर्मवेअर, पूल यांच्यावर आठवडे घालवल्यावर शेवटी ज्या गोष्टीने प्रश्न सुटतो ती म्हणजे ५ व्होल्टचा अडॅप्टर, त्याची वायर किंवा त्याची पिन.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. मूळ सेटिंगवर गॅमा साधारण १७-१८ वॅट घेतो. ५ व्होल्टला म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास. १२ व्होल्टच्या उपकरणात वायरीत ०.४ व्होल्ट हरवले तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे मुळात पाचच आहेत. पातळ वायर आणि सैल पिन मिळून ०.१ ओहम रोध असला, तर साडेतीन अँपिअरला ०.३५ व्होल्ट तिथेच जातात. अडॅप्टरने ५.० दिले तर बोर्डला पोहोचतात ४.६५.

आता बोर्डवरचा रेग्युलेटर, टीपीएस५४६. फर्मवेअरने त्याला सांगून ठेवलेलं असतं की इनपुट ४.८ व्होल्टच्या वर असेल तरच चालू हो आणि ४.५ च्या खाली गेलं की बंद हो. घरात पंप किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, अडॅप्टर क्षणभर डगमगला, ४.६५ चे ४.४ झाले की रेग्युलेटर चिपची वीज तोडतो. ईएसपी३२ ला मात्र ३.३ व्होल्टच पुरतात, ते वेगळ्या वाटेने मिळतात, म्हणून तो जिवंत राहतो. स्क्रीन चालू, हॅशरेट शून्य, चिप थंड: हेच लक्षण ग. डगमग याहून खोल असेल तर ईएसपी३२ ही कोसळतो आणि लक्षण क दिसतं. एकाच सैल पिनेची ही दोन रूपं आहेत.

डॅशबोर्डवरचं इनपुट व्होल्टेज बोर्डवर मोजलेलं असतं, म्हणजे वायर आणि पिनेतली गळती वजा झाल्यानंतरचं. मूळ सेटिंगवर ते ४.९ च्या वर स्थिर हवं. ४.७-४.८ दिसत असेल तर मायनर कड्याच्या टोकावर उभा आहे. एक फुकटची चाचणी करा: फ्रीक्वेन्सी ४०० वर आणून इनपुट व्होल्टेज बघा. ४०० वर ४.९५ आणि ५२५ वर ४.७०, एवढा फरक पडत असेल तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा वायरीत आहे, चिपमध्ये नाही.

मग हाताने तपासा. वीस मिनिटं चालल्यावर जॅकपाशी पिनेला बोट लावा. कोमट ठीक, चटका नको. मायनर बंद करून पिन बाहेर काढा आणि उजेडात धरा. आतल्या बाजूला तपकिरी कडं दिसतंय का, प्लास्टिकचं तोंड किंचित वितळून आत झुकलंय का? ते कडं म्हणजे तिथे महिनोन्महिने ठिणगी पडत होती. पिन जॅकमध्ये घालून हलक्या हाताने फिरवा. स्क्रीन लुकलुकली तर दोष सापडला. जॅक ५.५ × २.१ मिलिमीटरचा आहे. बाजारात ५.५ × २.५ ची पिनही मिळते, बाहेरून अगदी तशीच. ती आत जाते, मायनर चालूही होतो, पण मधल्या खिळ्याला ती जेमतेम टेकलेली असते. हातात घेऊन ओळखता येत नाही. मूळ पिन आणि ही पिन आळीपाळीने घालून घट्टपणा जोखा.

मल्टिमीटर पाचशे-सातशे रुपयांत कामापुरता चांगला मिळतो. पण अडॅप्टर मोकळा ठेवून पिनेवर ५.२ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. रिकाम्या अडॅप्टरचं व्होल्टेज जवळजवळ नेहमीच चांगलं असतं. मोजायचं ते भारावर. त्यासाठी सीसीटीव्हीवाले वापरतात ते स्क्रूचे डीसी कनेक्टर घ्या, एक नर, एक मादी, दहा-वीस रुपयांना मिळतात. दोघांमध्ये जाड वायरीचे दोन छोटे तुकडे कसा, अधिकला अधिक आणि उणेला उणे, आणि हा तुकडा अडॅप्टर आणि मायनरच्या मध्ये जोडा. मधला खिळा अधिक असतो, वीज देण्याआधी मीटरने खात्री करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मायनर चालू असताना स्क्रूवर व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी डॅशबोर्डचा आकडा वाचा. स्क्रूवरच ४.७ असतील तर अडॅप्टर किंवा त्याची वायर कमी पडते आहे. स्क्रूवर ५.१ आणि डॅशबोर्डवर ४.७ असतील तर गळती पुढे आहे: पिन किंवा बोर्डवरचा जॅक. हा तुकडा चाचणीपुरताच ठेवा. हे स्क्रूचे कनेक्टर चार अँपिअर दिवसरात्र सोसायला बनलेले नसतात, तेच तापून नवा दोष तयार होतो.

अडॅप्टर बदलायचा तर ५ व्होल्ट, ६ अँपिअर, म्हणजे ३० वॅटचा, आणि तेवढा खरोखर देणारा. ४ अँपिअरचा अडॅप्टर मूळ सेटिंगवर कसाबसा तग धरतो आणि उन्हाळ्यात मान टाकतो. मोबाइलचा ६५ वॅटचा चार्जर आणि टाइप-सी ते गोल पिनेची वायर, ही युक्ती चालत नाही. यूएसबी पीडी चार्जर ५ व्होल्टला तीनच अँपिअर देतो, म्हणजे १५ वॅट. बाकीचे वॅट वरच्या व्होल्टेजचे असतात. बोर्डवरचा टाइप-सी पोर्टही फर्मवेअर टाकण्यासाठी आहे, मायनिंगची वीज त्यातून मिळत नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत एलईडी डिस्प्लेसाठीचे ५ व्होल्टचे जाळीच्या पेटीतले एसएमपीएस (वीजपुरवठ्याचे डबे) मिळतात. १० अँपिअरचा चांगल्या कंपनीचा घेतला तर तो सहज पुरतो, आणि त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून भारावर ५.१ व्होल्ट बसवता येतात. ५.२५ च्या वर नेऊ नका. पण त्याच्या स्क्रूपट्टीवर २३० व्होल्ट उघडे असतात. घरात लहान मुलं असतील तर तो मोकळा ठेवणं मान्य नाही, बंद पेटीत बसवून अर्थिंग जोडूनच वापरा. वायरिंगचा हात नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आणि एक इशारा, यात पैसे वाचतात म्हणून नाही तर मायनर वाचतो म्हणून. आपल्या घरातल्या राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची पिन बहुतेक वेळा अगदी हीच असते. तो गॅमात घातला की बोर्ड जळतो. दोन्ही अडॅप्टरांच्या पिनेजवळ आजच पांढरी चिकटपट्टी गुंडाळून मार्करने ‘५’ आणि ‘१२’ लिहा.

इन्व्हर्टरवर चालवत असाल तर लाईट जाताना मायनरचा अपटाइम शून्य होतो का बघा. होत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका, बदल लवकर होतो. राउटरही इन्व्हर्टरवरच हवा, नाहीतर मायनर चालू आणि इंटरनेट बंद अशी वेळ येते.

६. फर्मवेअर

वीज आणि उष्णता निर्विवाद ठीक असेल तेव्हाच. ॲक्सओएसच्या अपडेटमध्ये दोन फाइली असतात, एक मुख्य फर्मवेअरची आणि एक वेबपानांची. दोन्ही एकाच आवृत्तीच्या हव्यात. एकच टाकली तर डॅशबोर्ड अर्धवट उघडतो, आकडे रिकामे दिसतात आणि लोक पुन्हा बोर्डवर संशय घेतात. फाइली प्रकल्पाच्या अधिकृत गिटहब पानावरूनच घ्या, टेलिग्राम गटात फिरणाऱ्या नकोत. टाकण्याआधी सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

अपडेटनंतर मायनर उठलाच नाही तर बूटचं बटण दाबून धरून टाइप-सीने संगणकाला जोडा आणि कारखान्याची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळं फर्मवेअर असलेली एकच फाइल, टाका. ती निवडताना बोर्डवर छापलेला आवृत्ती क्रमांक वाचा. ६०१ च्या बोर्डवर दुसऱ्या क्रमांकाची प्रतिमा टाकू नका. त्यानंतर मायनर स्वतःचं वायफाय सुरू करतो. त्याला मोबाइल जोडून १९२.१६८.४.१ उघडा आणि सगळं नव्याने भरा.

७. पेस्ट

तापमानाचा तो फरक पूर्वी ३० होता, आता धूळ काढूनही ४० च्या पुढे गेला, तर पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक एका बाजूला उचलला गेला आहे. इथून पुढे चिप तुटण्याचा धोका आहे. बीएम१३७० च्या वर सिलिकॉन उघडंच असतं, झाकण नसतं.

मायनर दहा मिनिटं चालवून बंद करा, पेस्ट मऊ असताना हीटसिंक निघतो. ओढू नका, किंचित डावीउजवीकडे फिरवा. जुनी पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढीच, मधोमध. स्क्रू तिरपे, एका वेळी अर्धा फेरा: वरचा डावा, खालचा उजवा, मग उरलेले दोन. एक कोपरा आधी पूर्ण कसला की चिपचा समोरचा कोपरा उडतो, आणि तो मोहरीच्या टरफलाएवढा तुकडा उडाला की चिप संपली. लिक्विड मेटल वापरू नका, ते ॲल्युमिनियम खातं आणि वीज वाहतं.

८. इथे थांबा

अडॅप्टर कधीच उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर २३० व्होल्टचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. वास आला, फुगला, आतून चिरचिर आवाज आला तर फेकून द्या.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये ठिणगी दिसते, पिन काळी पडते किंवा हीटसिंकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर मायनर बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ही अर्थिंगची किंवा अडॅप्टरची तक्रार आहे आणि तिने माणसाच्या जिवाला धोका आहे.

योग्य प्रतिमा टाकूनही आणि भारावर ५ व्होल्ट असूनही लक्षण छ कायम असेल, बोर्डवर जळल्याचा डाग असेल, जॅकचा पाय डुगडुगत असेल, किंवा क्षारांचा थर चिपांखाली गेला असेल, तर पुढचं काम हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शकाचं आहे. साधी सोल्डरिंग आयर्न तिथे नेऊ नका. चिपखालचा मोठा ग्राउंडचा भाग आयर्नने तापतच नाही, तोवर शेजारचे बारीक भाग उखडून येतात. लॅपटॉप किंवा मोबाइलच्या मदरबोर्डचं काम करणारा कारागीर जॅक बदलू शकतो. मायनरची चिप बदलण्याचं काम मात्र मायनरच दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. आणि आधी खर्च विचारा, कारण चिप आणि मजुरी मिळून कधीकधी नव्या मायनरच्या जवळ जाते.

दुरुस्तीला देताना वही सोबत द्या: कोणत्या सेटिंगवर, किती व्होल्टला, किती तापमानाला बंद पडतो. हीटसिंक लावूनच द्या, उघड्या चिपचा प्रवास नको. आत तुमच्या वायफायचा पासवर्ड साठवलेला असतो, म्हणून आधी वायफायच्या रकान्यात काहीतरी खोटं नाव भरून सेव्ह करा. वॉलेटचे बारा-चोवीस गुप्त शब्द मायनरला कधीच लागत नाहीत, ते कारागिराने मागितले तर मायनर तिथून उचला. परत आल्यावर चालू करण्याआधी नव्हे, चालू केल्या केल्या, पहिलं काम म्हणजे दोन्ही पूलच्या युजरच्या रकान्यातला बिटकॉइन पत्ता तुमच्या वॉलेटमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फॉलबॅकचा रकाना बघायला बहुतेक जण विसरतात.